लिलावात विकली जाणारी अतिदुर्मिळ गाडी पुढेही लोकांना दिसावी, अशी अट घालावी का?

पितळी दिवा (धागाकर्ता)

संग्राह्य मोटारगाड्यांच्या लिलावापूर्वी दोन-तीन दिवस त्या गाड्या पाहण्यासाठी मांडून ठेवतात. अशाच एका मांडणीत मी नुकताच अख्खा दिवस घालवला. तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

संग्रहालयात गाडीभोवती दोर असतो, इथे तो नसतो. बॉनेट उघडलेले, दारे उघडलेली, आणि आसनावर बसू नये एवढीच काय ती सूचना. १९३० च्या दशकातील एका गाडीच्या क्लच-पॅडलवरचे रबर मधोमध पार झिजून खालचे लोखंड चकचकीत झाले होते, आणि ती झीज नेमकी चवड्याच्या आकाराची होती. शेजारच्या गाडीखाली एक गृहस्थ पुठ्ठ्यावर उताणे पडून, विजेरी तिरपी धरून चासीवर, म्हणजे गाडीच्या तळाच्या सांगाड्यावर, ठोकलेला क्रमांक न्याहाळत होते. आधीचा क्रमांक घासून त्यावर दुसरा ठोकला असेल, तर आजूबाजूच्या धातूला आलेला किंचित खोलगटपणा अशा तिरप्या उजेडातच उमटतो. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले, कपडे झटकले, कॅटलॉगात एक खूण केली आणि कोणाशी चकार शब्द न बोलता निघून गेले. कोणत्याही संग्रहालयात मला मोटारगाडी इतक्या जवळून पाहायला मिळालेली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी त्या पॅडलवाल्या गाडीवर हातोडा पडला. बोली लावणारी व्यक्ती दूरध्वनीवर होती. गाडी कोणी घेतली, ती कुठे गेली आणि पुन्हा कधी दिसेल, हे सभागृहातील कोणालाही सांगता आले नसते.

माझे म्हणणे असे आहे की जगात एक, दोन किंवा पाच-सहाच शिल्लक असलेल्या गाड्यांच्या विक्रीपत्रात ठरावीक काळाने ती गाडी सार्वजनिक प्रदर्शनात ठेवण्याची अट असावी. हे अशक्य नाही, कारण आजवरच्या सर्वांत महाग विक्रीत ते घडले आहे. मर्सिडीज-बेंझने १९५५ साली ३०० एसएलआर या शर्यतीच्या गाडीचे बंदिस्त छताचे दोनच नमुने बनवले, आणि रूडॉल्फ उलेनहाउट या अभियंत्याच्या नावाने ते ओळखले जातात. त्यांपैकी एक नमुना मे २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोंना विकला गेला, आणि विशेष प्रसंगी ती गाडी लोकांना पाहता यावी हे घेणाऱ्याने मान्य केले. जे तिथे जमले ते इतरत्र का जमू नये?

राखीव बोली

लेखातले वर्णन आवडले, निष्कर्ष मात्र पटला नाही. तुम्ही दिलेले उदाहरणच तुमच्या विरोधात जाते, कारण तो लिलाव श्टुटगार्टच्या संग्रहालयात मोजक्या निमंत्रितांपुढे बंद दाराआड झाला, आणि विक्री झाल्याचे जगाला दोन आठवड्यांनी कळले. तुम्हाला ज्या मोकळ्या मांडणीची भूल पडली आहे, तशी मांडणी त्या गाडीच्या वाट्याला आलीच नाही.

मूळ मुद्दा किमतीचा आहे. या यंत्रांना आज जी किंमत आहे ती नव्हती, तेव्हा त्यांचे काय होत होते ते आठवा. बुगाटीच्या रॉयाल या गाडीत १२.७ लिटरचे इंजिन होते आणि ग्राहकांसाठी तयार झालेल्या गाड्या सहाच. त्यांपैकी एक न्यू यॉर्कमध्ये असताना इंजिनातले पाणी हिवाळ्यात गोठून ब्लॉक तडकला आणि गाडी थेट भंगारात गेली. १९४० च्या दशकात चार्ल्स चेन या अभियंत्याने ती ४०० डॉलरना उचलली, म्हणून ती आज आहे. फेरारीच्या २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात ३६ बनल्या. त्यांतील एक पुढे टेक्सासमधल्या एका शाळेला कार्यशाळेच्या तासांसाठी देऊन टाकण्यात आली होती, आणि नंतर ती ओहायोमध्ये वर्षानुवर्षे उघड्यावर ऊनपाऊस खात पडून होती. त्याच प्रकारची एक गाडी २०१८ च्या ऑगस्टमध्ये ४.८४ कोटी डॉलरना गेली. आज कोणी जीटीओ उघड्यावर ठेवील का? तिचे रक्षण सरकारने, संग्रहालयाने किंवा तुमच्या-माझ्यासारख्या रसिकांनी केलेले नाही, बोलीने केले आहे.

आता अटीबद्दल. अट घातली की बोली उतरणार, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. बोली उतरणार असेल तर मालक गाडी लिलावात आणणारच नाही. दलालामार्फत परस्पर व्यवहार होतील, जसे जीटीओंचे बहुतेक वेळा होतातच, आणि आज जे दोन-तीन दिवस ती गाडी तुमच्या डोळ्यांसमोर येते तेही जातील. तेलही जाईल आणि तूपही जाईल.

वंगण

मी पोटापाण्यासाठी जुनी इंजिने उघडतो आणि बसवतो, त्यामुळे माझा आक्षेप तुम्हा दोघांवरही आहे. गाडी दिसते की नाही यावर तुमचा वाद चालला आहे, पण गाडी ही दिसण्याची वस्तू नव्हे.

उभी राहिलेली गाडी टिकते, असा समज सर्वत्र आढळतो, आणि तो चुकीचा आहे. पेट्रोल उडून गेले की मागे राळेसारखा चिकट थर राहतो आणि कार्ब्युरेटरची केसाएवढी छिद्रे बुजवतो. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर त्यांतले द्रव हवेतला ओलावा ओढून घेते आणि सिलिंडर आतून गंजतात. पिस्टनच्या रिंगा खाचांमध्ये चिकटून बसतात, सील सुकून भेगाळतात, आणि टायर जमिनीला टेकलेल्या जागी चपटे होतात. जे व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत थांबले असतील त्यांच्या स्प्रिंगा वर्षानुवर्षे दबलेल्याच राहतात. त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांचा पत्रा ॲश झाडाच्या लाकडी सांगाड्यावर चढवलेला असतो. ते लाकूड सांध्यांत कुजत असताना बाहेरून रंग मात्र आरशासारखा चमकत राहतो, आणि दार बंद करताना ते किंचित उचलावे लागले की समजावे की आत काय चालले आहे. लिलावाच्या मांडणीत मी आधी दार बंद करून पाहतो, रंगाकडे नंतर.

त्यामुळे अट घालायचीच असेल तर गाडी चालली पाहिजे अशी घाला. फिलाडेल्फियाचे सिमिओन संग्रहालय हे करते. तिथल्या शर्यतीच्या जुन्या गाड्या ठरावीक दिवशी मागच्या आवारात प्रत्यक्ष चालवून दाखवतात, आणि तेही त्यांना नव्याने रंगरंगोटी न करता. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाची, म्हणजे फिवाची, तुरिन सनद आहे. तिच्यातही जतनाबरोबर वापराचा पुरस्कार केलेला आहे. काचेमागची गाडी आणि कुलपामागची गाडी, माझ्या दृष्टीने दोन्ही सारख्याच मेलेल्या.

पितळी दिवा

वंगण, आपला मुद्दा शिरोधार्य आहे आणि त्याकडे परत येतो. आधी राखीव बोली यांच्याकडे वळतो.

आपण चेन यांचे उदाहरण अर्धेच सांगितले. त्यांनी ती रॉयाल दुरुस्त केली, रस्त्यावर आणली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाला देणगी म्हणून दिली. ती तेथे आजही कोणीही तिकीट काढून पाहू शकतो. म्हणजे भंगारातून गाडी काढली ती एका जाणत्या माणसाने, आणि तिला लोकांसमोर ठेवले ते संग्रहालयाने. या सगळ्यात लिलावाचा हातोडा कुठे होता? १९८७ साली दुसरी एक रॉयाल लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये ५५ लाख पौंडांना विकली गेली हे खरे, पण तोवर ती वाचून कित्येक दशके लोटली होती. किंमत रक्षण करते हे मान्य केले तरी ती रक्षणाला फार उशिरा पोहोचते.

मालकीच्या हक्कावर अट घालणे म्हणजे काही आक्रीत नव्हे, याचेही उदाहरण देतो. फ्रान्समधील म्युलूझच्या श्लुम्फ बंधूंनी कापडगिरण्यांच्या पैशांतून शेकडो गाड्या जमवल्या. त्यांत शंभराहून अधिक बुगाटी होत्या, आणि त्या फार थोड्यांना पाहायला मिळत. गिरण्या बुडाल्या, १९७७ साली कामगारांनी ती जागा ताब्यात घेतली, तेव्हा आत काय दडले आहे ते जगाला दिसले. पुढच्याच वर्षी फ्रेंच शासनाने त्या संग्रहाला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला, म्हणून तो तुकड्या-तुकड्यांनी विकला गेला नाही, आणि १९८२ पासून तो सर्वांसाठी खुला आहे. आजही युरोपीय संघाच्या नियमांनुसार ७५ वर्षांहून जुने आणि ५० हजार युरोंहून अधिक मोलाचे वाहन संघाबाहेर न्यायचे तर परवाना लागतो. मोटारगाडी हा सांस्कृतिक ठेवा आहे हे कायद्याने मानलेले आहे, प्रश्न फक्त किती पुढे जायचे एवढाच आहे.

राखीव बोली

श्लुम्फ प्रकरणात दिवाळखोरी होती, थकलेले पगार होते, संतापलेले कामगार होते. त्यातून सर्वसाधारण नियम काढणे म्हणजे आग लागल्यावर खिडकी फोडली म्हणून रोज खिडकीतून ये-जा करण्यासारखे आहे.

आणि संग्रहालयावरचा तुमचा विश्वास मला भाबडा वाटतो. १९५४ ची मर्सिडीजची डब्ल्यू १९६ ही शर्यतीची गाडी, चाके झाकणाऱ्या आणि वारा सहज कापणाऱ्या घाटाची, मर्सिडीजने १९६५ साली इंडियानापोलिसच्या शर्यतमार्गावरील संग्रहालयाला भेट दिली होती. साठ वर्षे ती तिथे होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच संग्रहालयाने ती लिलावात काढली आणि ५.११ कोटी युरोंहून अधिक किंमत आली. त्याच आठवड्यात पॅरिसमध्ये त्यांची फेरारी २५० एलएम, म्हणजे १९६५ साली ल मानची २४ तासांची शर्यत जिंकलेली प्रत्यक्ष गाडी, सुमारे ३.४९ कोटी युरोंना गेली. संग्रहालयाला स्वतःच्या मूळ विषयासाठी, म्हणजे इंडियानापोलिसच्या इतिहासासाठी, पैसा उभा करायचा होता, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही. पण ‘संग्रहालयात गेली म्हणजे कायमची लोकांची झाली’ हे तुमचे गृहीतक मात्र कोसळते. कॅलिफोर्नियातील मलिन संग्रहालयाचे तर दारच संस्थापकाच्या निधनानंतर २०२४ मध्ये बंद झाले. संग्रहालये बंद पडतात, त्यांचे विश्वस्त बदलतात. दर वीस-पंचवीस वर्षांनी गाडी बाजारात आणून सर्वांना दाखवणारी व्यवस्था एकच आहे, आणि ती म्हणजे लिलाव. मृत्यू, घटस्फोट आणि कर्ज या तीन गोष्टी कोणत्याही संग्रहाला कायमचे कुलपात राहू देत नाहीत.

कापडी टप

अट घालावी की नाही हे ठरवण्याआधी ती कशावर घालायची हे ठरवावे लागेल, कारण ‘तीच गाडी’ म्हणजे काय हेच या क्षेत्रात सर्वांत अवघड कोडे आहे.

‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मानची शर्यत जिंकली. पुढे तिचे इंजिन, चासी, वरचा साज असे एकेक करून जवळपास सगळे बदलत गेले. तिच्या विक्रीचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि घेणाऱ्यांनी ही मूळ गाडीच नव्हे म्हणून अंग काढून घेतले, तेव्हा प्रकरण इंग्लंडच्या न्यायालयात गेले. १९९० साली न्यायाधीशांनी निकाल दिला की १९२९ च्या गाडीचे भाग फारच थोडे उरले असले, तरी गाडीचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, ती कधीच मोडीत निघून दुसरी गाडी म्हणून जन्मली नाही, म्हणून ही ‘ओल्ड नंबर वन’च आहे. मला हा निकाल अतिशय शहाणपणाचा वाटतो. लिलावाची बाजारपेठ मात्र त्याला नेहमीच मानते असे नाही. तिला मूळ नोंदीतल्या क्रमांकाशी जुळणारे इंजिन हवे असते, आणि एकाच गाडीवर दोन ठिकाणी दोन वेगळे ठसे आढळले की ती लाखांनी खाली येते.

आणि दुसरे टोक पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये १९५४ च्या फेरारी ५०० मोंडियालचा एक सांगाडा विकला गेला. ती गाडी १९६० च्या दशकात अपघातात जळाली होती. छायाचित्रात दिसतो तो चुरगळलेल्या, भाजलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा ढिगारा, आणि दार कोणते नि मडगार्ड कोणते हे ओळखायलाही वेळ लागतो. त्याला १८ लाख ७५ हजार डॉलर आले. घेणारा त्या ढिगाऱ्याभोवती नवी गाडी उभारील, आणि ती कागदोपत्री १९५४ ची असेल. आता सांगा, पितळी दिवा, आपली प्रदर्शनाची अट त्या ढिगाऱ्यावर लागू होईल की त्यातून उगवणाऱ्या चकचकीत गाडीवर? मला विचाराल तर मी ढिगारा पाहायला जाईन.

मागची सीट

वाचतो आहे. एकच शंका मांडतो. ही मोकळी मांडणी लोकांवरच्या प्रेमापोटी असते, असे मानून सगळे बोलत आहेत. प्रेक्षकांची गर्दी हा विक्रीचाच भाग असतो, कारण ज्या गाडीभोवती माणसे गोळा होतात तिची बोली चढते. २०१९ साली पोर्शची टाइप ६४ ही गाडी लिलावाला आली, तेव्हा लिलावकर्त्याने १.३ कोटी डॉलरपासून केलेली सुरुवात लोकांना ३ कोटी अशी ऐकू आली. पडद्यावरही तोच आकडा झळकला आणि चढत चढत ७ कोटींवर गेला. आकडा १.७ कोटींवर आणून दुरुस्त केला, तेव्हा जल्लोष करणाऱ्या त्याच सभागृहाने हुर्यो उडवली, आणि गाडी विकलीच गेली नाही. पाहणाऱ्यांचे तिथे काय काम असते, ते त्या मिनिटभरात उघडे पडले.

वंगण

कापडी टप, तुमच्याशी पूर्ण सहमत नाही, तरी एक भर घालतो, आणि ती भर लिलावांच्या बाजूने आहे याचे मलाच नवल वाटते.

पूर्वी आमच्याकडे येणारी प्रत्येक जुनी गाडी उघड्या धातूपर्यंत खरवडली जात असे. मूळ रंग, मूळ चामडे, एखाद्या कारागिराने आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले माप, सगळे जायचे. त्याला आम्ही जीर्णोद्धार म्हणायचो आणि बिल लावायचो. ती खोड मोडली ती काही प्रमाणात लिलावांनीच. पश्चिम फ्रान्समधल्या एका शेतवाडीत बायों कुटुंबाच्या जवळपास ६० गाड्या पडवीखाली सापडल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला त्या धुळीसकट मांडल्या गेल्या, आणि जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली १९६१ ची फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर १.६३ कोटी युरोंना गेली. त्याआधी, २०१० साली, इटली-स्वित्झर्लंड सीमेवरील माजोरे सरोवराच्या तळाशी सात दशके पडलेली १९२५ ची बुगाटी ब्रेशिया विकली गेली. जकात न भरल्यामुळे ती १९३६ मध्ये पाण्यात ढकलली होती. एक बाजू गंजाने खाल्लेली असतानाही तिला २ लाख ६० हजार ५०० युरो आले. या दोन विक्रींनंतर ग्राहक मला म्हणू लागले की रंगाला हात लावू नका. जे मी वर्षानुवर्षे सांगून पटले नाही, ते हातोड्याच्या दोन ठोक्यांनी पटले. अर्थात याचा उलटा परिणामही दिसतो. आता धूळ विकत मिळते. मूळ जुनेपणा भासावा म्हणून नव्या चामड्याला चहाचे पाणी लावणारे महाभाग मी पाहिले आहेत.

पितळी दिवा

इतके वाचल्यावर मूळ सूचना तशीच रेटणे हटवादीपणा होईल, म्हणून ती बदलतो. सक्तीची अट सोडून देतो. परस्पर व्यवहारांबद्दल राखीव बोली जे म्हणाले त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मात्र दोन गोष्टींवर ठाम आहे. पहिली, लिलावसंस्था विक्री किमतीवर घेणाऱ्याकडून साधारण १० ते १५ टक्के वेगळे घेतात, तर त्या रकमेत एवढे तरी बसावे की गाडीचे पूर्ण दस्तऐवजीकरण, म्हणजे प्रत्येक ठशाचे, सांध्याचे, झिजेचे छायाचित्र, विक्रीनंतरही लोकांना उपलब्ध राहील. सध्या कॅटलॉगातील छायाचित्रे ही गाडी विकण्यासाठी काढलेली असतात, आणि जे विक्रीला मारक ते त्यांत येत नाही. दुसरी, ज्या विक्रेत्याला स्वखुशीने प्रदर्शनाची किंवा, वंगण म्हणतात तशी, चालवण्याची अट घालायची असेल, त्याची अट कॅटलॉगात ठळकपणे छापावी, म्हणजे अशा अटीने बोली खरोखर किती उतरते ते निदान कळेल. आज आपण दोघेही त्याबद्दल अंदाजानेच बोलत आहोत.

राखीव बोली

दस्तऐवजीकरणाला माझा पाठिंबा आहे, कारण त्याने खोट्या क्रमांकांना आळा बसेल आणि खऱ्या गाडीची किंमत वाढेल. हे तुमच्या हेतूत नसेल, तरी माझ्या हिशेबात बसते. दुसऱ्या सूचनेबद्दल एवढेच विचारतो की ती गाडी उद्या तुमची असती आणि मुलांच्या नावे ठेवायला दुसरे काही नसते, तर ती अट तुम्ही छापून घेतली असती का?

पितळी दिवा

प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुधा नसती.

वंगण

एक विचारायचे राहिले. ते झिजलेले क्लच-पॅडल. नवा मालक रबर बदलेल असे वाटते का?

पितळी दिवा

कॅटलॉगात सोबतच्या वस्तूंची यादी होती. हत्यारांची मूळ पिशवी, जॅक, दोन चाव्या, आणि शेवटच्या ओळीत ‘पॅडलसाठी नवे रबर, तीन नग, न वापरलेले’.